‘पत्री ठोकणे’ : एका क्रियापदाचा इतिहास

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या प्रतिसरकारला लोकांनी ‘पत्री सरकार’ म्हटले. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. ‘पत्री’ हा ‘प्रति’चा केवळ अपभ्रंश मानला, तर या नावातील जरब निसटते. पत्री ठोकणे म्हणजे बैलाच्या खुराला लोखंडी पत्री बसवणे. परंतु ‘ठोकणे’ या क्रियापदात खिळा मारणे आणि बडवणे हे दोन्ही अर्थ नांदतात. खबऱ्यांच्या तळपायांवर बसणाऱ्या फटक्यांनाही बोलीने हेच क्रियापद लावले. त्यामुळे खिळ्यांची आख्यायिका वाचताना रूपक कोठे संपते आणि वाच्यार्थ कोठे सुरू होतो, हे तपासल्याशिवाय या शिक्षेचा निवाडा करता येत नाही.