आदिख्रिस्ती मंडळीतील स्त्रिया : दडपलेल्या इतिहासाचे पुनर्मूल्यांकन

धर्माचा इतिहास म्हणून जे आपल्यापुढे येते, ते निवडून, नकलून आणि भाषांतरित होऊन आलेले असते. ही निवड, नकल आणि भाषांतर ज्यांच्या हाती होते त्यांच्या दृष्टीची छाप त्यावर पडणे अपरिहार्य आहे. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पाच शतकांतील स्त्रियांचे स्थान हे याचे ठळक उदाहरण होय. येशूने बारा पुरुषांनाच प्रेषित म्हणून निवडले, म्हणून उपदेशाचा व पौरोहित्याचा अधिकार स्त्रियांस मुळातच नव्हता, अशी चर्चची परंपरागत भूमिका आहे. याच भूमिकेच्या आधारे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मे १९९४ मध्ये स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे घोषित केले. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडच्या चर्चने आपल्या पहिल्या स्त्री-पुरोहितांना दीक्षा दिली होती. हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

प्रस्तुत लेखात आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की, आदिख्रिस्ती मंडळीत स्त्रियांचे नेतृत्व होते. ते नंतर पद्धतशीरपणे झाकले गेले. आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा बंदी घालणाऱ्यांच्याच लेखनात शिल्लक आहे.

पौलाच्या पत्रातील नावे

ख्रिस्ती वाङ्मयात पौलाची पत्रे सर्वांत जुनी. चारही शुभवर्तमाने त्यानंतरची आहेत. इ.स. ५७ च्या सुमारास लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौलाने अनेकांचा नामनिर्देश केला आहे वा त्यांना सलाम कळविला आहे. त्यांत दहा स्त्रिया आहेत. पहिली फिबी. ती किंख्रिया येथील मंडळीची 'दियाकोनोस' होती आणि पौलासह अनेकांची आश्रयदाती होती. हे पत्र रोमला तिनेच नेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 'दियाकोनोस' हाच शब्द पौल स्वतःसाठी वापरतो. परंतु १६११ सालच्या किंग जेम्स भाषांतरात पौलाच्या बाबतीत त्याचा अर्थ 'धर्मोपदेशक' या अंगाने केला गेला आणि फिबीच्या बाबतीत 'सेवक' या अंगाने. मूळ शब्द एकच. पुरुषासाठी तो पद झाला आणि स्त्रीसाठी चाकरी झाली.

दुसरे उदाहरण युनियाचे. अंद्रोनीक आणि युनिया हे प्रेषितांमध्ये नामांकित आहेत, असे पौल म्हणतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्तोम या धर्मपित्याने, ही स्त्री प्रेषित म्हणविण्यास पात्र ठरली, याबद्दल तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. स्वतः स्त्रियांच्या पौरोहित्याचा पुरस्कर्ता नसलेल्या माणसाची ही साक्ष आहे. पुढे मध्ययुगात स्त्री प्रेषित असू शकत नाही, या गृहीतावरून युनियाचा पुरुष करण्यात आला. विसाव्या शतकात नेस्ले यांच्या ग्रीक नव्या कराराच्या १९२७ सालच्या आवृत्तीपासून केवळ स्वरचिन्ह बदलून हे नाव पुल्लिंगी 'युनियास' असे छापले जाऊ लागले. वास्तविक 'युनिया' हे स्त्रीनाम रोमच्या कोरीव लेखांत शेकडो वेळा आढळते. 'युनियास' हे पुरुषनाम प्राचीन जगात एकदाही सापडलेले नाही. १९७७ साली बर्नाडेट ब्रूटन या विदुषीने हे पुराव्यानिशी मांडले, आणि १९९८ सालच्या मुद्रणात युनिया पुन्हा स्त्री म्हणून छापली गेली. प्रेषित स्त्री नसतेच, हा निष्कर्ष आधी ठरला आणि पुरावा नंतर त्याप्रमाणे घडविला गेला, असे येथे म्हणावे लागते.

मग्दालीया मरीया

चारही शुभवर्तमानांनुसार मग्दालीया मरीया ही येशूच्या वधाच्या व रिकाम्या कबरेच्या वेळची साक्षीदार आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू प्रथम तिलाच भेटतो आणि ही वार्ता शिष्यांना सांगण्यास तिलाच पाठवितो. या अर्थाने ती 'प्रेषितांची प्रेषिता' ठरते. ती वेश्या होती, असे कोणत्याही शुभवर्तमानात म्हटलेले नाही. इ.स. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिला याने एका प्रवचनात लूकच्या शुभवर्तमानातील अनामिक पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया मरीया या तिघींना एकच ठरविले. तेव्हापासून पश्चिमेकडील चर्चमध्ये साक्षीदार मरीया मागे पडली आणि पश्चात्तापदग्ध पतिता पुढे आली. हे तिहेरी मिश्रण रोमन चर्चने १९६९ साली आपल्या पंचांगातून दूर केले. २०१६ मध्ये तिचा दिवस प्रेषितांच्या दिवसांच्या दर्जाचा करण्यात आला.

१८९६ साली कैरो येथे एका जर्मन विद्वानाने एक कॉप्टिक हस्तलिखित विकत घेतले. त्यात 'मरीयेचे शुभवर्तमान' होते. ते १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्याची अनेक पाने गहाळ आहेत. तथापि उरलेला भाग बोलका आहे. मरीया शिष्यांना येशूची शिकवण सांगते. तेव्हा, त्याने आपल्याला वगळून एका स्त्रीला हे सांगितले काय, असा आक्षेप पेत्र घेतो. आणि लेवी तिची बाजू घेऊन पेत्राला थांबवितो. हा ऐतिहासिक प्रसंग आहे, असा आमचा दावा नाही. परंतु स्त्रीने शिकवावे की नाही, हा वाद त्या काळच्या मंडळ्यांत चालू होता, एवढे यावरून निश्चित होते. मिटलेल्या प्रश्नावर कोणी असे संवाद रचीत नाही.

बंदी हाच पुरावा

स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, अशी दोन वचने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहेत. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात मात्र स्त्रिया प्रार्थना करतात व संदेश देतात हे पौल गृहीत धरतो; प्रश्न फक्त मस्तक झाकण्याचा आहे. काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचने आपल्या जागी नसून अध्यायाच्या शेवटी आढळतात. यावरून, समासातील टीप पुढे मूळ पाठात शिरली असावी, असे अनेक पाठचिकित्सक मानतात. स्त्रीने शिकवू नये, असे स्पष्टपणे सांगणारे तीमथ्याला पहिले पत्र तर पौलाचे नसून त्याच्या नावावर नंतर लिहिले गेले, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे.

इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुल्यन तक्रार करतो की, थेक्लेच्या कथेचा आधार देऊन स्त्रिया शिकविण्याचा व बाप्तिस्मा देण्याचा हक्क सांगतात. म्हणजेच असा हक्क सांगणाऱ्या स्त्रिया होत्या. चौथ्या शतकातील लाओदिकीयाच्या परिषदेने 'प्रेस्बितिदेस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांची नेमणूक करू नये, असा नियम केला. ४४१ साली ऑरेंजच्या परिषदेने धर्मसेविकांना दीक्षा देण्यास मनाई केली. ४९४ साली पोप गेलासियसने दक्षिण इटलीतील बिशपांना लिहिले की, तेथे स्त्रियांना वेदीवर सेवा करू दिली जाते, हे त्याच्या कानी आले आहे. जे घडत नाही त्यावर शतकानुशतके बंदी घालावी लागत नाही. त्याच दक्षिण इटलीत त्रोपेआ येथे पाचव्या शतकातील लेता नावाच्या स्त्रीचा समाधिलेख आहे. त्यात तिला 'प्रेस्बितेरा' म्हटले आहे. तो तिच्या पतीने कोरविला. पण पती स्वतःला प्रेस्बिटर म्हणवीत नाही. तेव्हा 'प्रेस्बिटरची बायको' असा अर्थ लावणे अवघड जाते.

या सर्व साक्षींत आमच्या मते एक साक्ष विशेष मोलाची आहे. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन शासक प्लिनी याने सम्राट त्राजानला कळविले की, ख्रिस्ती लोकांविषयी सत्य काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. या दासींना त्यांचे लोक 'मिनिस्त्रे', म्हणजे धर्मसेविका, म्हणत होते. रोमन कायद्याने ज्या केवळ मालमत्ता होत्या, त्यांना त्यांच्या मंडळीने पद दिले होते. त्यांची नावे मात्र प्लिनीने लिहिली नाहीत. २०३ साली कार्थेजच्या रिंगणात पर्पेतुआ या कुलीन तरुणीबरोबर मारली गेलेली फेलिसिती हीही दासीच होती. पर्पेतुआची तुरुंगातील दैनंदिनी सुदैवाने टिकली. आदिख्रिस्ती स्त्रीच्या स्वतःच्या शब्दांतील असे लेखन अत्यंत विरळ आहे. त्याच शतकांतील फ्रिगियाच्या माक्सिमिल्ला व प्रिस्किल्ला या संदेष्ट्र्यांचे बोल इतरांनी उद्धृत केले तेवढेच उरले.

कारणमीमांसा

हा बदल का घडला? काही लेखक याचे खापर यहुदी परंपरेवर फोडतात. ते आम्हांस मान्य नाही. प्राचीन सभास्थानांच्या कोरीव लेखांत यहुदी स्त्रियांनाही प्रमुखपदाच्या उपाध्या आढळतात. खरे कारण संस्थेच्या रूपांतरात शोधले पाहिजे. प्रारंभी मंडळी घरोघरी जमत असे. घराचा कारभार स्त्रीच्या हाती असल्यामुळे फिलिप्पैची लुदिया किंवा प्रिस्किल्ला यांच्यासारख्या स्त्रियांकडे नेतृत्व सहज येई. पुढे बिशपांची उतरंड बळावली. ३१३ नंतर धर्माला राजमान्यता मिळाली, उपासना घरातून भव्य सार्वजनिक वास्तूंत गेली, आणि सार्वजनिक सत्ता पुरुषाचीच, हा रोमन समाजाचा नियम मंडळीचाही नियम झाला. अर्थात प्रारंभीचा काळ निर्दोष समतेचा होता, असे मानणेही चुकीचे ठरेल. त्या मंडळीने दास्य नाहीसे केले नाही, हे विसरता येत नाही.

उपसंहार

या नियमाचा हात किती लांब पोहोचला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी चेल्टनहॅम येथे असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, असा विचार निघाला, तेव्हा भारतातील बिशपांनी त्याला विरोध केला. त्याच रमाबाईंनी पुढे केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले.

ही चिकित्सापद्धती आमच्या वाचकांस अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली 'महाबोधी' मासिकातील आपल्या निबंधात महापरिनिब्बान सुत्तातील स्त्रियांविषयीच्या आनंद-संवादाची याच रीतीने परीक्षा केली, आणि तो भगवान बुद्धांच्या एकूण आचरणाशी विसंगत असल्याने भिक्खूंनी नंतर घातलेला प्रक्षेप होय, असे प्रतिपादन केले. थेरीगाथेतील स्थविरींचे शब्द आपल्याकडे टिकले, हे मोठेच भाग्य. तरीही थेरवादी देशांत भिक्खुणी उपसंपदा अनेक शतके खंडित राहिली आणि १९९६ साली सारनाथ येथे ती पुन्हा देण्यात आली, हे ध्यानात घेता इतरांच्या इतिहासाकडे बोट दाखवून थांबणे आपणांस शोभणार नाही.

म्हणून कोणतेही धर्मवचन स्त्रीच्या विरुद्ध पुढे केले गेले की तीन प्रश्न विचारावेत : ते कोणी लिहिले व नकलले? त्याच ग्रंथाच्या इतर भागांशी ते जुळते काय? आणि ज्या गोष्टीस ते मनाई करते, ती त्या वेळी कोण करीत होते? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा त्या स्त्रिया सापडतात, ज्यांची नावे लिहिण्याचे टाळले गेले.