रेडिओच्या लायसन्सचं कूळ

सार्वजनिक प्रसारणासाठी सक्तीचं शुल्क ही जॉन रीथ यांच्या ध्येयवादाची देणगी, असं सर्रास मानलं जातं. बीबीसी घडवणारा माणूस तोच, तेव्हा तिच्या पैशाची सोयही त्यानेच लावली असणार, असा हा तर्क. पण तो तारखांपुढे टिकत नाही. इंग्लंडमध्ये प्रसारण ऐकण्याचा १० शिलिंगांचा परवाना १ नोव्हेंबर १९२२ला सुरू झाला. रीथ यांची नेमणूक त्यानंतर, डिसेंबरात झाली. माझ्या मते हे शुल्क रेडिओपेक्षाही जुनं आहे. त्याचं मूळ तारयंत्रात आहे आणि कळीचा दुवा १८८०च्या एका खटल्यात.

१८६९च्या कायद्याने ब्रिटनमध्ये तारेची मक्तेदारी टपाल खात्याकडे गेली. पुढे एडिसनच्या नावाची कंपनी लंडनमध्ये टेलिफोन चालवू लागली, तेव्हा सरकार कोर्टात गेलं. कायदा झाला तेव्हा टेलिफोन बाजारात नव्हताच, मग तो आम्हाला लागू कसा, असा कंपनीचा बचाव होता. कोर्टाने तो फेटाळला. तारेवरून निरोप जातो ना, मग टेलिफोनही तारच! पुढे निघणारं यंत्रही जुन्या मक्तेदारीत ओढता येतं, हा पायंडा इथे पडला. १९०४च्या कायद्याने बिनतारी यंत्रही परवान्याखाली आलं. म्हणून १९२२मध्ये नवा कर शोधावाच लागला नाही. परवाना देणारं पोस्ट हजर होतं. त्याच्या रकमेतला निम्मा वाटा प्रसारण कंपनीला दिला की झालं.

हेच रोप मुंबईत लागलं. १८८५च्या भारतीय तार कायद्यातल्या कलम ४ने तारेचा एकाधिकार सरकारला दिलेलाच होता. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि रेडिओच्या परवान्याची फी ठरली वर्षाला १० रुपये.

१०च का? सोयीचा गोल आकडा म्हणून, असं म्हणता येईल. मला ते पटत नाही. परवान्याच्या फीत वाटा आणि शिवाय रेडिओसंचांवर आकारणी, अशी दुहेरी व्यवस्था १९२२च्या ब्रिटिश कंपनीची होती. मुंबईच्या कंपनीला दिलेली व्यवस्थाही तीच. साचा जिथून आला तिथूनच आकडाही आला असणार, फक्त शिलिंगांच्या जागी रुपये बसले. त्या वेळी रुपयाचा भाव होता दीड शिलिंग, म्हणजे १० शिलिंगांचे सात रुपयेही होत नव्हते. इथला श्रोता साहेबाच्या दीडपट भरत होता! कंपनी १९३०मध्ये बुडाली तेव्हा देशभरातले परवाने दहा हजारांच्याही आत होते. चोरून ऐकणारेही होते. १९३३च्या कायद्याने विनापरवाना संच नुसता बाळगणं हाच गुन्हा ठरला.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे: पोस्टातलं नूतनीकरण, लायसन्सचं पुस्तक आणि १९८५मध्ये लायसन्स रद्द होऊन झालेली सुटका.

सुटका म्हणतो, कारण लोकांना ती तशीच वाटली. हे शुल्क आपल्याकडे प्रसारणासाठीची वर्गणी म्हणून कधी रुजलंच नाही. ती यंत्र बाळगण्याची परवानगी होती. घरोघरी संच आल्यावर परवानगी हास्यास्पद ठरली, आणि तिच्यासोबत श्रोत्याचा आकाशवाणीवरचा हक्काचा पैसाही गेला. कलम ४ मात्र राहिलं. त्याच कलमाचा अर्थ लावताना १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. लहरी जनतेच्या झाल्या, पण आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीची भिस्त आजही सरकारी अनुदानावरच आहे.

शुल्काची यंत्राशी असलेली नाळ जर्मनीने कापून दाखवली. २०१३पासून तिथे घरात संच असो वा नसो, प्रत्येक घरामागे प्रसारण वर्गणी घेतली जाते आणि ती किती असावी याची शिफारस स्वतंत्र आयोग करतो. २०१८मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानेही ही पद्धत मूलतः वैध ठरवली.

तेव्हा सक्तीचं शुल्क असावं का, यावर माझं उत्तर स्पष्ट होय असं आहे. मात्र ते यंत्रावर नको, घरामागे हवं. आणि सरकारी तिजोरीत न जाता थेट प्रसारकाच्या हाती पडायला हवं. बातम्या सरकारच्या पैशावर चालणार असतील, तर त्या आपल्या कशा म्हणायच्या?