निरोप्याला काय ठाऊक असावे?

१४ एप्रिल १९४४ रोजी पश्चिम खानदेशातील चिमठाणे येथे भूमिगतांनी सरकारी खजिना लुटला. डॉ. उत्तमराव पाटील यांच्या खानदेशी साथीदारांबरोबर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी होते. या लुटीचा पराक्रम आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. जळगाव-धुळे फेऱ्यांत मला मात्र वेगळाच प्रश्न छळत आला. साताऱ्याहून खानदेशात निरोप नेणारा वाटेत पकडला गेला असता, तर पोलिसांना काय मिळाले असते?

याचे उत्तर मुंबईत सापडते. १९४२ साली उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा वारंवार बदलल्या, पण तंत्रज्ञाला ठिकाण ठाऊक होते. तो पकडला गेला आणि १२ नोव्हेंबरला पोलीस दारात आले.

पन्नास वर्षांनी हीच चूक फिनलंडमध्ये झाली. हेलसिंकीच्या योहान हेलसिंगियस यांनी १९९३ साली निनावी ईमेल पुढे पाठवणारी सेवा सुरू केली. पत्रावरचे खरे नाव काढून ते टोपणनावाने जाई. उत्तर परत पोचावे म्हणून खऱ्या पत्त्यांची यादी त्यांच्याकडेच असे. १९९५ साली पोलिसांनी त्यातले एक नाव मिळवले. पुढच्या वर्षी त्यांनी सेवाच बंद केली. माणूस सचोटीचा होता. धोका यादीत होता.

पुढच्यांनी धडा घेतला. पत्र कुलूपबंद पाकिटांच्या थरांत घालून अनेक यंत्रांतून फिरवायचे. प्रत्येकाला फक्त मागचा आणि पुढचा मुक्काम कळे. पत्रे थोडा वेळ थांबवून, एकमेकांत मिसळून पाठवली जात. कोणी धमकीचे पत्र धाडले, तर तक्रार शेवटच्या यंत्राच्या चालकावर येई. ज्यांना ते झेपत नसे, ते फक्त दुसऱ्या यंत्राकडे पत्र देत, थेट वाचणाऱ्याला नाही. शेवटचे चालक ‘मला असे पत्र नको’ म्हणणाऱ्यांचे पत्ते अडवून ठेवत.

भारतात मात्र २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाने सेवाचालकांना १८० दिवसांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले. ‘नोंदच नाही’ हे उत्तर इथे आता कायदा मोडल्याशिवाय देता येत नाही. गुन्हेगार सापडावा हे खरेच. पण भ्रष्टाचार उघड करणारा कारकूनही त्याच नोंदीत सापडतो.

निरोप्याच्या शपथेवर मी विश्वास ठेवतो. तरीही त्याला ती पाळण्याची वेळच येऊ नये, इतकेच त्याला ठाऊक असावे.