मांडवीवरील फेरीबोट

आम्हां गोदाकांठच्या मंडळींस नाव म्हणजे माणसें पैलतीरीं नेणारी. मोटारीही वाहणारी नाव पाहावी ती गोमंतकांत. पणजी व बेती यांमध्यें चालणारी फेरीबोट तळाशीं सपाट असते. पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकली कीं गाड्या सरळ आंत शिरतात. १९७० मध्यें मांडवीवर नेहरू पूल झाला आणि हिचा मान ओसरला. परंतु खाऱ्या हवेनें पुलाचें पोलाद गंजलें, व ५ जुलै १९८६ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, तो कोसळला. अवघीं सोळा वर्षें! तेव्हां पैलतीर गांठावयास फेरीबोटींवरच भिस्त ठेवावी लागली. त्या मोडीत काढल्या नव्हत्या, हें पणजीकरांचें भाग्यच म्हणावयाचें. १९९२ मध्यें नवा पूल खुला झाला; बेतीची फेरीबोट मात्र पायीं येणाऱ्यांस विनामूल्य अद्यापि पलीकडे पोंचविते.