पोटगीच्या गदारोळात हरवलेली मुले
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाहबानो हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नूर सबा खातून हे नाव किती जणांनी ऐकले आहे? मुशायऱ्यांत, कविसंमेलनांत, महाविद्यालयांत मी हा प्रश्न अनेकदा विचारला. एखादा वकील सोडला तर हात वर होत नाही.

श्रोतेहो, १९८५ सालचा गदारोळ आठवा. २३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या शाहबानोंना पोटगीचा हक्क आहे असा निकाल दिला आणि देशभर वादळ उठले. त्यांचे लग्न १९३२ सालचे, तलाक १९७८चा. पाचही मुले केव्हाच मोठी झालेली. त्यामुळे लहान लेकरांना कोणी पोसायचे, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. पुढे भांडण झाले तेही बायकोच्या पोटगीवर. शरियत, व्होट बँक, समान नागरी कायदा, सगळ्यांवर सभा झाल्या. लेकरांवर एकही झाल्याचे मला आठवत नाही.

या वादातून १९८६चा कायदा आला. त्यात एक कलम असे होते की, मूल आईजवळ असेल तर तलाक देणाऱ्याने जन्मापासून दोन वर्षांपर्यंत त्या आईला वाजवी खर्च द्यावा. ही दोन वर्षे आली कुरआनातल्या दूध पाजण्याच्या मुदतीवरून. पण कायद्याच्या पुस्तकात शब्द एकदा छापला की त्याला पाय फुटतात. दोन वर्षांनंतर बापाची जबाबदारीच संपली, असा अर्थ काढणारे निघाले.

बिहारच्या नूर सबा खातून यांच्यावर हीच पाळी आली. तीन लेकरांसह नवऱ्याने घराबाहेर काढले. १९९३ साली न्यायालयाने त्यांना महिना दोनशे रुपये आणि प्रत्येक मुलाला दीडशे रुपये ठरवून दिले. त्यानंतर नवऱ्याने तलाक दिला आणि नव्या कायद्याचे बोट धरून हुकूम बदलून मागितला. आईची पोटगी इद्दतीपुरती, म्हणजे तीन महिन्यांची झाली. मुलांच्या रकमेला खालच्या न्यायालयांनी हात लावला नाही. पण पाटणा उच्च न्यायालयाने दोन वर्षांवरच्या मुलांचा हक्क नाकारला. दीडशे रुपयांसाठी प्रकरण दिल्लीला गेले. २९ जुलै १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ती दोन वर्षे आईच्या हक्काची आहेत. मुलाचा हक्क वेगळा आहे. फौजदारी संहितेच्या कलम १२५ प्रमाणे मुले सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत, आणि मुली लग्न होईपर्यंत, बापाने त्यांना पोसायचे.

गंमत अशी की, आमच्या जुन्या फिकहलाही यापेक्षा वेगळे म्हणायचे नव्हते. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. त्याला हिजानत म्हणतात. पण मूल आईच्या कुशीत असले तरी त्याचा नफका, म्हणजे अन्नवस्त्राचा खर्च, बापाच्याच माथी. शरियत वाचवायला निघालेल्यांनी हे पान उलटले असते तर? ताब्याच्या वादात तर न्यायालये १८९०च्या पालक व पाल्य कायद्याने मुलाचे हित पाहतात.

पुढे कायदा बदलत गेला. कलम १२५ मधली पाचशे रुपयांची कमाल मर्यादा २००१ साली गेली. २०१९च्या कायद्याने तिहेरी तलाक दिलेल्या स्त्रीला अज्ञान मुलांच्या ताब्याचा आणि त्यांच्या निर्वाहभत्त्याचा हक्क दिला. २०२४च्या जुलैपासून कलम १२५ची जागा नव्या संहितेतल्या कलम १४४ने घेतली; आशय तोच राहिला.

हुकूम मिळवणे एक आणि पैसे हातात पडणे दुसरे. आमच्या मोहल्ल्यात शिवणकाम करणाऱ्या एका आपांनी मुलांच्या पोटगीचा हुकूम घडी घालून पेटीत ठेवला होता. तो आज देईल, उद्या देईल, असे करत तीन वर्षे गेली. अखेर त्या वकिलाकडे गेल्या, तेव्हा कळले की थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवे असेल तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मागची दोन वर्षे या वाटेने मिळणार नव्हती. आपांनी उरलेल्या बारा महिन्यांचा अर्ज त्याच दिवशी दाखल केला.