कोळ्याचा धागा आणि विदर्भाचा कोसा

कोळ्याच्या धाग्यापासून वस्त्र करण्याचा प्रयत्न नवा नाही. इ. स. १७०९ च्या सुमारास फ्रान्समधील बाँ यांनी अशा धाग्याचे मोजे व हातमोजे करविले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतर्फे रेओम्यूर यांनी तपासणी करून प्रतिकूल मत दिले; कारण एकत्र ठेवलेले कोळी परस्परांना खातात. म्हणजे मोठी अडचण पालनाची होती. २००९ साली प्रदर्शित झालेल्या सोनेरी वस्त्रासाठीही मादागास्करमध्ये दहा लाखांहून अधिक कोळी रानातून पकडावे लागले. त्यांच्या जवळचा नेफिला कोळी मिरा-भाईंदरमधील खारीपासून जवळच, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आढळतो.

हा धागा पोलादाहून बळकट असल्याचे सर्रास लिहिले जाते. मात्र समान वजनाची अट सांगितली जात नाही. त्याची ताणशक्ती सुमारे १.१ गिगापास्कल, उच्च प्रतीच्या पोलादाची १.५. परंतु तुटण्यापूर्वी तो सुमारे २७ टक्के ताणला जातो, पोलाद एक टक्काही नाही. त्याचे खरे सामर्थ्य ऊर्जा शोषण्यात आहे. ॲलॅनिन या अमिनो आम्लाच्या सलग साखळ्यांतून त्यात सूक्ष्म स्फटिक बनतात. तशाच साखळ्या टसर रेशमातही आहेत.

गडचिरोली-भंडारा भागातील ढिवर समाज ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडून पक्षी व मुंग्यांपासून त्यांची राखण करतो. जैवप्रेरित पदार्थांच्या इतिहासात बाँचे मोजे आवर्जून येतात, ही राखण येत नाही. प्रस्तुत लेखकास ही उणीव किरकोळ वाटत नाही, कारण रेओम्यूर यांना अडविणारा पालनाचा प्रश्न येथे जंगलातच सोडविला गेला.