पश्चिम महाराष्ट्राविषयी मराठवाड्यातील जनमत

पश्चिम महाराष्ट्राविषयी मराठवाड्यातील जनमत म्हणजे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या भागांतील लोक, त्यांची भाषा, संस्था व राहणी यांविषयी मराठवाड्यात सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या आवडीनिवडी, आदर आणि तक्रारी होत. दोन्ही प्रदेशांची भाषा मराठी, दैवते व संतपरंपरा समान आणि सोयरसंबंधही जुने आहेत. तरीही सुमारे सव्वाशे वर्षे ते दोन वेगळ्या राजवटींखाली राहिल्याने त्यांच्या सार्वजनिक जीवनाची वळणे भिन्न झाली. भाषा एक असूनही ब्रिटिश व अमेरिकी लोक ज्याप्रमाणे एकमेकांच्या उच्चारांवर व रीतिभातींवर टिप्पणी करतात, त्याच जातीचे हे नाते आहे. मात्र येथे विनोदाच्या जोडीला पाणी, रोजगार व शिक्षण यांच्या वाटपाचा प्रश्न असल्याने त्याला राजकीय गांभीर्य प्राप्त झाले आहे. या लेखातील उदाहरणे प्रामुख्याने परभणी जिल्ह्यातील आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इ.स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर पुणे व त्याभोवतालचा प्रदेश मुंबई इलाख्यात गेला. मराठवाडा मात्र हैदराबादच्या निजामाच्या राज्यातच राहिला. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा, १८८१ साली 'केसरी' आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. निजामी राज्यात राजभाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे परभणीच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी पुण्याऐवजी हैदराबादची वाट धरावी लागे आणि घरची भाषा सोडून परक्या लिपीत अभ्यास करावा लागे.

कारभारातील फरक पुढेही टिकून राहिले. मुंबई इलाख्यात ज्या अधिकाऱ्यास मामलेदार म्हणत, त्यास निजामी मुलखात तहसीलदार म्हणत. जमिनीच्या जुन्या वादांत मराठवाड्यातील शेतकऱ्याला आजही 'खासरा पत्रक' व 'पहाणी पत्रक' काढावे लागते. ही नावे पुण्याकडील शेतकऱ्यास सहसा ठाऊक नसतात. निजामी राज्यात साप्ताहिक सुटी शुक्रवारी असे.

लोहमार्गानेही हे अंतर राखले. मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटरगेज असल्याने परभणीहून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या प्रवाशास मनमाडला गाडी बदलावी लागे. हा मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे (औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद) द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आले. तत्पूर्वी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मागे राहिलेल्या विभागांकडे विशेष लक्ष देण्याचे अभिवचन होते. मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट सामील झाला, ही गोष्ट येथे अभिमानाने सांगितली जाते आणि अपेक्षाभंगाच्या प्रसंगी तिचाच दाखला दिला जातो.

आदराचे विषय

संस्था उभारण्याची वृत्ती: पश्चिम महाराष्ट्राविषयी मराठवाड्यात सर्वाधिक आदर आढळतो तो तेथील संस्थांबद्दल. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात काढलेली वसतिगृहे आणि १९०२ सालचा त्यांचा आरक्षणाचा आदेश यांचा उल्लेख आदर्श म्हणून होतो. मराठवाड्यातील सहकारी कारखाने व शिक्षणसंस्था यांच्या उभारणीत या नमुन्यांचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

वेळ व काटेकोरपणा: ठरल्या वेळी सुरू होणारा कार्यक्रम, हिशेबाची वही आणि दिलेला शब्द पाळणे हे पुण्याचे गुण मानले जातात. गावाकडील सभा दोन तास उशिरा सुरू झाल्यास 'हे काही पुणे नाही' असे हसून म्हटले जाते. त्यात कौतुक व टोमणा दोन्ही असतात.

मुलींचे शिक्षण: मुलगी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी एकटी राहू शकेल असे शहर म्हणून मराठवाड्यातील अनेक पालक पुण्याचे नाव घेतात. मुलींच्या शिक्षणाची पुण्यातील जुनी परंपरा या विश्वासामागे आहे.

कोल्हापूर व सातारा यांचा अपवाद: तक्रारीचा रोख बहुधा पुणे शहरावर असतो. कोल्हापूर, सातारा व सांगलीकडील माणूस मोकळा, खाऊ-पिऊ घालणारा आणि बोलण्यात रांगडा, म्हणजे 'आपल्यासारखा' समजला जातो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला तीव्र टंचाईच्या काळात मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवण्यात आले. मराठवाड्यात त्या गाडीची आठवण कृतज्ञतेने काढली जाते.

नापसंतीचे विषय

भाषा: सर्वांत नाजूक विषय भाषेचा आहे. पुण्यातील सुशिक्षित वर्गाच्या बोलीवर पाठ्यपुस्तकांची प्रमाण मराठी बेतलेली असल्याने पुणेकराची बोली 'शुद्ध' आणि परभणीकराची 'अशुद्ध' असा समज रूढ झाला. पुण्यात 'काय करतोयस?' असे विचारतात, तर परभणीत 'काय करायलास?' असे विचारतात. ग्रामीण बोलीत 'पाणी' चे 'पानी' होते आणि 'परेशान', 'फुरसत' यांसारखे दखनी वळणाचे शब्द सहज येतात. महाविद्यालयात पहिल्याच दिवशी उच्चारावरून हसे झाले, ही पुण्यात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांची नेहमीची आठवण असते. पुष्कळजण काही महिन्यांतच दोन बोली वापरू लागतात. खोलीत व मेसवर एक बोलतात, तर मुलाखतीत व कार्यालयात दुसरी. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही मराठीच्या बोली असून त्यांपैकी कोणतीही अशुद्ध नाही.

आतिथ्य: मराठवाड्यात दारी आलेल्याला चहा-पाण्याविना जाऊ देणे कमीपणाचे मानतात. वेळी-अवेळी, न कळवता पाहुणे येणे येथे स्वाभाविक आहे. त्यामुळे येण्यापूर्वी फोन करण्याची अपेक्षा, दुपारी एक ते चार या वेळात बंद असणारी दुकाने व दारावरील सूचनांच्या पाट्या हे पुण्याविषयीच्या विनोदांचे ठरलेले विषय आहेत. मोठ्या शहरातील लहान घरे, दूरवरच्या नोकऱ्या व वेळेचा तुटवडा ही त्यामागील कारणे आहेत. पुण्यात स्थायिक झालेली मराठवाडी कुटुंबेही काही वर्षांत तसेच वागू लागतात. गावाकडून आलेल्या नातलगांकडून त्यांनाच 'तुम्ही आता पुणेरी झालात' असे ऐकावे लागते.

आहार: ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, येसराची आमटी व सुशीला यांची सवय असलेल्या जिभेला गूळ घातलेली पुणेरी आमटी गोड लागते. ही तक्रार मात्र सर्वस्वी खेळीमेळीची असते.

साहित्यातील स्थान: बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांच्यासारख्या परभणीच्या कवी-कादंबरीकाराची मराठी समीक्षेने यथोचित दखल घेतली नाही, अशी खंत मराठवाड्यात व्यक्त होते. प्रकाशन व्यवसाय पुणे-मुंबईत एकवटल्याने हे घडले असे मानले जाते.

विकास, पाणी व श्रम

विनोदापलीकडील असंतोष विकासाच्या वाटपातून निर्माण झाला. राज्याचा पैसा, धरणे व उद्योग पश्चिम महाराष्ट्रात गेले, अशी भावना १९६० च्या दशकापासून बळावत गेली. परभणी येथे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. राहुरी येथील विद्यापीठ त्यापूर्वीच, १९६८ साली स्थापन झाले होते. १९७४ साली वसमत (तेव्हा परभणी जिल्ह्यात, आता हिंगोली जिल्ह्यात) येथील पोलीस गोळीबारानंतर विद्यार्थ्यांचे मराठवाडा विकास आंदोलन पेटले. गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या माध्यमातून ही मागणी दीर्घकाळ लावून धरली.

वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली राज्यातील एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरवला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी, म्हणजे जवळपास २४ टक्के होता. उर्वरित महाराष्ट्राचाही अनुशेष या अहवालात मोठा निघाल्याने पश्चिमेकडे सर्वत्र सुबत्ता आहे, हा समज पूर्णतः खरा नसल्याचेही दिसून आले. माण, खटाव, जत यांसारखे तेथील तालुके स्वतःच दुष्काळी आहेत. संविधानाच्या ३७१(२) अनुच्छेदानुसार १९९४ साली मराठवाडा वैधानिक विकास मंडळ अस्तित्वात आले.

पाण्याचा वाद गोदावरीशी निगडित आहे. पैठण येथील जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यापर्यंत येते. वरच्या बाजूस नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांमध्ये पाणी अडवले जात असल्याने अपुऱ्या पावसाच्या वर्षी जायकवाडी भरत नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. पुढे १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असल्यास वरून पाणी सोडण्याचे सूत्र ठरले. तरीही तुटीच्या वर्षी हा प्रश्न आंदोलने व न्यायालय यांपर्यंत जातो.

श्रमाचा संबंध सर्वांत थेट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, तसेच परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ आदी भागांतून ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात जातात. पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगामभर ही कुटुंबे कोपीत राहतात व मुलांची शाळा मोडते. या मजुरांच्या दृष्टीने पश्चिम महाराष्ट्र म्हणजे पुणे शहर नसून उसाचा फड, वजनकाटा आणि फिटत नसलेली उचल होय. मात्र गावी काम नसताना चार पैसे तिकडेच मिळतात, असेही ते सांगतात.

पश्चिम महाराष्ट्रातील मत

उलट बाजूने मराठवाडी माणूस मनमोकळा, आतिथ्यशील व बोलका समजला जातो. ज्ञानेश्वर (आपेगाव), एकनाथ (पैठण), रामदास (जांब) आणि परंपरेनुसार नामदेव (नरसी) व जनाबाई (गंगाखेड) यांची भूमी म्हणून या प्रदेशाविषयी आदर आहे. निवांतपणा, कामातील दिरंगाई, राजकारणाच्या अखंड गप्पा व सरंजामी वृत्ती हे दोष सांगितले जातात. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांमुळे या प्रदेशाची प्रतिमा बाहेर मलिन झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला.

आत्मपरीक्षण

सर्व दोष पश्चिमेच्या माथी मारण्यास मराठवाड्यातूनच आक्षेप घेतला जातो. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख व अशोक चव्हाण हे मुख्यमंत्री मराठवाड्याचेच होते. तेव्हा अनुशेषाचा जाब घरच्यांनाही विचारला पाहिजे, असे म्हटले जाते. पाण्यासाठी आंदोलन करणाऱ्या भागातच कालव्याचे पाणी उसाला दिले जाते, ही विसंगतीही दाखवून दिली जाते.

बदलते स्वरूप

इ.स. १९९० नंतर शिक्षण, स्पर्धा परीक्षांची तयारी आणि पिंपरी-चिंचवड, चाकण व हिंजवडी येथील रोजगार यांमुळे मराठवाड्यातील तरुण मोठ्या संख्येने पुण्यात गेले. विवाह जुळवताना मुलाची पुण्यात नोकरी व घर असावे, ही अपेक्षा परभणीतही सर्रास आढळते. ज्या शहरावर टीका होते, तेथेच मुलांचे भविष्य पाहिले जाते. उलट दिशेने दहावी-बारावीच्या शिक्षणासाठी 'लातूर पॅटर्न' ने राज्यभरचे विद्यार्थी मराठवाड्याकडे खेचले.

बोलीविषयीचा संकोचही ओसरत आहे. १९९५ साली परभणीत नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. इंद्रजित भालेराव यांच्या कवितेने परभणीची बोली महाराष्ट्रभर पोहोचवली आणि आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहास २०१६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मकरंद अनासपुरे यांच्या चित्रपटांतून मराठवाडी वळणाचे बोलणे लोकप्रिय झाले. मात्र पडद्यावर ही बोली मुख्यतः विनोदापुरतीच येते, असा आक्षेपही आहे.

'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही दखनी वळणाची म्हण या भागात सर्वतोमुखी आहे. बाहेर जमले तर ठीक, अन्यथा परभणी आहेच, असा तिचा आशय सांगितला जातो. पूर्वी ती येथील स्वस्ताईला व निवांतपणाला उद्देशून म्हटली जाई. अलीकडे पुण्याहून परीक्षेत वा नोकरीत यश न मिळता परतलेल्या तरुणांच्या संदर्भातही तिचा वापर होतो.

हे सुद्धा पहा

मराठवाडा मुक्तिसंग्राम
नागपूर करार
दांडेकर समिती
जायकवाडी धरण
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ
मराठी भाषेतील बोली